स्वस्तातला कॉर्डलेस फोन: गावच्या घरासाठी घेतलाय, काय बघून घ्यावा आणि काही प्रश्न

आगरवाट

रत्नागिरीकडे गावी आई-बाबा दोघंच असतात. घर जुनं, चिऱ्याचं, कौलारू, पुढे खळं आणि मागे आगर. मोबाईलला रेंज मिळते ती खळ्याच्या कडेला उभं राहिलं तर, माजघरात एक काडी पण नाही. वाडीत फायबर आलं तेव्हा त्याच्याबरोबर लँडलाइन नंबर पण मिळाला, त्या फायबरच्या डब्याला मागे फोनची पिन लावायची जागा असते तिथे साधा वायरवाला फोन लावून दिला होता. पण तो डबा ओटीवर, आई दिवसभर मागच्या पडवीत नाहीतर आगरात, बाबांचे गुडघे धरलेले, त्यामुळे फोन वाजला की दोघंही धावत सुटतात आणि पोचेपर्यंत बंद झालेला असतो. पावसात ती पडवी ओली असते आणि मला त्यांच्या त्या धावण्याची खरंच धास्ती वाटते. म्हणून कॉर्डलेस घ्यायचं ठरवलं, बजेट दोन हजारांच्या आसपास.

या किमतीत बाजारात ठरावीकच नावं दिसतात, बीटेल, पॅनासॉनिक, गिगासेट वगैरे. मी कुठला घेतला ते लिहीत नाही कारण मला कोणाची जाहिरात पण करायची नाही आणि बदनामी पण नाही. या किमतीच्या सेटमध्ये काय तपासावं एवढंच बोलायचंय, कारण खोक्यावर जे मोठ्या अक्षरात छापतात (५० नंबरांची फोनबुक, १० रिंगटोन, अलार्म) त्यातलं आई-बाबांच्या काहीच कामाचं नाही.

त्यांच्या कामाची पहिली गोष्ट म्हणजे घंटी. घंटी किती मोठी वाजते हे कुठल्याच खोक्यावर लिहिलेलं नसतं. मी मागे विहिरीवरचा पंप चालू केला, हँडसेट स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला आणि बाबांना खळ्यातून मोबाईलवरून फोन लावायला सांगितलं. पंपाच्या आवाजात आईला घंटी जेमतेम ऐकू आली, ती पण आवाज सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवून. त्यातून कळलं की माझ्या सेटचा बेस (लाईनला जोडलेला, हँडसेट ज्यावर ठेवतात तो भाग) वाजतच नाही, फक्त हँडसेट वाजतो. काही सेटचे बेस वाजतात, काहींचे नाही, दुकानात विचारलं तर दुकानदाराला पण माहीत नव्हतं. म्हणजे हँडसेट उशीखाली राहिला तर घरात कुठेच घंटी नाही.

दुसरं, फोन उचलणं. आईला सवय अशी की रिसीव्हर उचलला की बोलायचं. यात मात्र स्टँडवरून उचलून परत हिरवं बटण दाबायला लागत होतं, ती नुसतीच हॅलो हॅलो करत राहायची. मेनूत शोधल्यावर उचलताच सुरू होण्याची सेटिंग सापडली, कंपनीकडून येताना ती बंद असते. ज्यांनी म्हाताऱ्या माणसांसाठी घेतलाय त्यांनी पहिल्याच दिवशी ती चालू करा. बटणं मोठी आहेत, दाबल्यावर नीट कळतात, आकड्यांच्या मागे नारिंगी दिवा लागतो, हे चांगलं आहे. मेनू इंग्रजीत आहे आणि आकडे सोडून बाकी अक्षरं बारीक, पण आई मेनूत जाणारच नाहीये.

रेंजचं खोक्यावर लिहिलंय मोकळ्यावर ३०० मीटर आणि घरात ५०. चिऱ्याच्या जाड भिंतींना हे आकडे लागू नाहीत. बेस ओटीवर डब्याशेजारी ठेवला तर मागच्या पडवीपर्यंत स्वच्छ, विहिरीजवळ खरखर, आणि पुढे पोफळींत शिरलं की बीप बीप करून तुटतो. ओटी आणि पडवीच्या मध्ये दोन भिंती आणि आजीचं लोखंडी कपाट आहे.

आता प्रश्न. एक, नंबर दिसत नाही, कोणाचाही फोन आला तरी स्क्रीनवर नुसतं कॉल आल्याचं चिन्ह. दोन, लाईट गेली की सगळंच बंद, आणि पावसाळ्यात आमच्याकडे लाईट किती जाते ते कोकणातल्या लोकांना सांगायला नको. तीन, आतली बॅटरी किती टिकते आणि नवी कुठली घालायची? जाणकारांनी सांगा प्लीज.

केतकी_प

चांगला धागा. पण एक विचारते, घरात फायबर आहे म्हणजे वायफाय आहे ना, मग मोबाईलवर वायफाय कॉलिंग चालू केलं तर रेंज नसली तरी साधे कॉल येतात. जिओ, एअरटेल दोघांचं चालतं, सेटिंगमध्ये एकदा चालू करून ठेवायचं. माझ्या सासूबाईंना तसंच करून दिलंय. त्यासाठी वेगळा दोन हजारांचा खर्च कशाला?

आगरवाट

केतकी, बाबांच्या फोनवर केलंय ते आणि चालतं पण. पण आईकडे बटणांचा साधा फोन आहे, त्याला वायफायच नाही. तिला टचस्क्रीन द्यायचा प्रयत्न झाला, भिजलेल्या नाहीतर पिठाच्या हाताने तो उचलताच येत नाही. शिवाय मोबाईल चार्ज करायचा राहून जातो आणि हा आपला स्टँडवर ठेवला की आपोआप चार्ज होतो, हा फायदा मला मोठा वाटतो. आणि आईला जुन्यासारखा कानाला आडवा धरायचा फोन आवडतो, तिला त्याच्यावर निवांत गप्पा मारता येतात.

जुना_लाईनमन

आगरवाट, तुमचे तिन्ही प्रश्न नेहमीचे आहेत. माझं आयुष्य टेलिफोनच्या खांबांवर आणि एक्स्चेंजमध्ये गेलं, आता निवृत्त आहे, पण अजून आजूबाजूचे लोक बोलावतात.

नंबर न दिसणं हा बहुतेक वेळा फोनचा दोष नसतो. नंबर पाठवायच्या दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत, डीटीएमएफमध्ये, बटण दाबल्यावर जे सूर येतात त्याच सुरांत नंबर पाठवतात आणि तो घंटीच्या आधी येतो. दुसरी एफएसके, त्यात पहिल्या आणि दुसऱ्या घंटीच्या मधल्या वेळात पाठवतात. आपल्याकडे दोन्ही चालत आलेल्या आहेत. तुमचा सेट एकच ओळखत असेल आणि डबा दुसरीने पाठवत असेल तर स्क्रीन कोरीच राहणार. आधी फोनच्या मेनूत किंवा पुस्तिकेत बघा, बऱ्याच सेटमध्ये दोन्ही असतात आणि निवडायला लागतं. तिथे नसेल तर फायबरच्या डब्याच्या सेटिंगमध्ये व्हॉइसच्या भागात हा पर्याय असतो, पण तो आपल्याला उघडत नाही, फायबरवाल्या पोराला सांगायचं. त्याला नुसतं "नंबर दिसत नाही" म्हणू नका, तो फोन बदला म्हणून मोकळा होईल. "कॉलर आयडी एफएसके आहे की डीटीएमएफ ते बघ आणि बदलून दे" असं सांगा. अजून एक, नंबर दिसण्याची सोय तुमच्या जोडणीवर मुळात चालू आहे का तेही विचारून घ्या.

जमलं तर एफएसके करून घ्या. त्यात नंबरासोबत तारीख-वेळ पण येते, त्यामुळे लाईट गेल्यावर फोनचं घड्याळ शून्यावर गेलं तरी पुढच्या कॉलला बहुतेक सेट आपोआप वेळ लावून घेतात. डीटीएमएफमध्ये फक्त नंबर.

लाईटचं असं आहे. पूर्वी तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट यायचे आणि एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची खोलीच असायची, म्हणून गावात अंधार असला तरी फोन चालायचा. फायबर म्हणजे काच, तिच्यातून वीज येत नाही. आता तुमच्या घरातला डबाच छोटं एक्स्चेंज झालाय, त्याला वीज नाही तर फोन नाही. आणि कॉर्डलेसच्या बेसला वेगळी वीज लागते. म्हणजे दोन्हीकडे सोय करायला हवी.

सातारी_कंदी

लाईनमन काका, मस्त समजावलंत. एफएसके-डीटीएमएफचं मला पण माहीत नव्हतं, आमच्याकडे वर्षभर नंबर दिसत नाहीये आणि आम्ही फोनलाच शिव्या देतोय.

बॅटरीबद्दल माझ्याकडून. झाकण उघडून बघा, आजकालच्या बहुतेक स्वस्त सेटमध्ये ट्रिपल ए मापाचे दोन चार्जिंगचे सेल असतात, निकेल मेटल हायड्राइड, प्रत्येकी १.२ व्होल्ट. असे असतील तर उत्तम, कारण हे सेल कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतात. काही सेटमध्ये वायर आणि छोटी पिन असलेलं बॅटरीचं पाकीट असतं, तसा सेट मी तरी घेणार नाही, तीन वर्षांनी ते पाकीट शोधत फिरावं लागतं आणि नाही मिळालं तर चांगला चालणारा फोन भंगारात. दुकानात खोकं उघडून झाकण काढून बघायला लाजू नका, माझ्या मते स्वस्त कॉर्डलेस घेताना बघायची ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे.

बदलताना जुन्या सेलवर जेवढे एमएएच (सेलची क्षमता) लिहिलेत साधारण तेवढेच घाला, ५५० ते ८०० च्या मधले. जास्त एमएएचचे घातले की जास्त चालेल असं वाटतं पण स्वस्त बेसचं चार्जिंग संथ असतं, ते भरायलाच खूप वेळ लागतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घड्याळात किंवा टीव्हीच्या रिमोटमध्ये घालतो ते साधे सेल यात चुकूनही घालायचे नाहीत. ते चार्ज होण्यासाठी नसतात, स्टँडवर ठेवला की गरम होऊन गळतात, फुटू पण शकतात. घरी म्हातारी माणसं असली की हे नक्की होतं, फोन बंद पडला, शेजारचा मुलगा दुकानातून दोन सेल घेऊन आला आणि घातले. झाकणाच्या आतून चिठ्ठी चिकटवून ठेवा.

निशिगंध

रेंजसाठी सांगते, सगळ्यात आधी खोक्यावर २.४ गिगाहर्ट्झ लिहिलंय की डेक्ट (कॉर्डलेस फोनसाठीच ठरवलेली पद्धत) ते बघा. २.४ वाला असेल तर वायफाय, मायक्रोवेव्ह, ब्लूटूथ सगळे त्याच पट्ट्यात. बेस राउटरला चिकटून ठेवला की दोघं एकमेकांना त्रास देतात, फोनवर कटकट आवाज आणि तिकडे नेट संथ. आमच्याकडे ठाण्याला मायक्रोवेव्ह लावला की फोनवरचा आवाज तुटायचा. डेक्टचा पट्टा वेगळा, १.९ गिगाहर्ट्झच्या आसपास, त्याला वायफायचा त्रास नाही. थोडे पैसे जास्त गेले तरी मी डेक्टच घेईन.

आणि बेस उंचावर ठेवा. फ्रीजच्या मागे, लोखंडी कपाटाशेजारी, टीव्हीच्या मागे नको.

आगरवाट

निशिगंध, माझा २.४ वालाच आहे, आता कळलं ओटीवर डब्याशेजारी खरखर का होती. फायबरचा डबा हलवता येत नाही पण बेस हलवता येतो ना! बाजारातून टेलिफोनची दोन तारांची लांब वायर आणली, डब्यापासून आढ्याच्या कडेने माजघरात नेली आणि बेस खुंटीच्या वर फळीवर ठेवला, लोखंडी कपाटाच्या अलीकडे. आता विहिरीवर स्वच्छ ऐकू येतं आणि पोफळींत पण अर्ध्यापर्यंत चालतो. म्हणजे रेंज वाढवायला महागडा फोन नको होता, बेस घराच्या मधोमध आणायला हवा होता. ज्यांचं घर लांबट आहे त्यांनी हे जरूर करून बघा, वायरला फार पैसे पडत नाहीत.

लाईनमन काका, तुमचे शब्द जसेच्या तसे बाबांना कागदावर लिहून दिलेत. फायबरवाला मुलगा आला की दाखवतील.

हडसनकाठ

वाचतोय. मी न्यू जर्सीत असतो, दिवाळीत कोल्हापूरला येणार आहे. इथे कॉर्डलेसचे दोन-तीन हँडसेटवाले संच चांगल्या किमतीत मिळतात, आवाज खूप छान, स्क्रीन मोठी, बेस पण वाजतो. आई-बाबांसाठी एक घेऊन येऊ का? अडॅप्टरचं काहीतरी करता येईल ना?

जुना_लाईनमन

नका आणू, कळकळीने सांगतो. अडॅप्टर बहुधा १२० व्होल्टचा असतो, इथल्या २३० वर लावलात की त्याच क्षणी जळेल, पण ते सोडवता येतं. खरी अडचण लहरींची आहे. डेक्टचा युरोपात ठरलेला पट्टा १८८० ते १९०० मेगाहर्ट्झ. अमेरिकेतला, खोक्यावर डेक्ट ६.० लिहिलेला असतो तो, १९२० ते १९३० वर चालतो. आणि १९२० पासून पुढचा पट्टा आपल्याकडे मोबाईल कंपन्यांना दिलेला आहे, तुमचा मोबाईल टॉवरशी बोलतो तो त्या पट्ट्यात. म्हणजे तुमच्या घरातला फोन आजूबाजूच्यांच्या मोबाईलला अडथळा करू शकतो, आणि तुमच्या फोनवर पण त्याचा परिणाम होणार. कायद्यानेही चालत नाही. तीच रक्कम इथे खर्च करा, डेक्टचा दोन हँडसेटचा संच मिळतो.

हडसनकाठ

हे माहीतच नव्हतं, बरं झालं विचारलं. मग तिथेच घेतो. दोन हँडसेटवाल्याचा फायदा होतो का? घर दोन मजली आहे.

निशिगंध

दोन मजल्यांना तर नक्कीच. दुसऱ्या हँडसेटला फोनची वायर नको, नुसता चार्जिंगचा स्टँड, तो कुठल्याही प्लगला. शिवाय एका हँडसेटवरून दुसऱ्यावर फुकट बोलता येतं, वरून खाली हाका मारायला नको. आमच्या सासऱ्यांना रात्री काही लागलं की ते इंटरकॉमवरच बोलावतात, आमची खोली वर आहे. माझ्या दृष्टीने कॉर्डलेसचा सगळ्यात मोठा उपयोग तोच आहे, बाहेरचे फोन नंतर. डेक्टमध्ये जीएपी म्हणून एक ठरलेली पद्धत आहे, दोन्ही सेट ती पाळणारे असतील तर वेगळ्या कंपनीचा हँडसेट पण त्याच बेसला जोडता येतो, निदान बोलण्यापुरता. २.४ वाल्यात ते चालेलच असं नाही, त्याच कंपनीचा घ्यावा लागतो.

अबोली_१२

माझी आई कानाला यंत्र लावते. तिच्यासाठी घ्यायचा विचार आहे पण भीती वाटते, मोबाईल कानाला लावला की यंत्र शिट्टी मारतं. कोणाचा अनुभव आहे का?

सातारी_कंदी

माझ्या मामांचा आहे. कानामागचं यंत्र असेल तर त्याचा माईक कानाच्या वर असतो, आणि आपण फोन धरतो कानाच्या भोकावर. म्हणून हँडसेट थोडा वर सरकवून, यंत्राच्या जवळ आणि कानाला न दाबता धरायचा, शिट्टी बरीच कमी होते. बऱ्याच यंत्रांत टेलिफोनसाठी वेगळा प्रोग्रॅम असतो, ऑडिओलॉजिस्टकडे जाऊन तो चालू करून घ्या. आणि शक्य असेल तर आईला दुकानात घेऊन जा आणि एक कॉल तिलाच करू द्या, काही डिजिटल कॉर्डलेसमुळे यंत्रात गुणगुण येते, काहींमुळे नाही, ते लावून बघितल्याशिवाय कळत नाही. मामांना शेवटी स्पीकर चालू करून फोन टेबलावर ठेवून बोलणं सगळ्यात सोपं गेलं, तेव्हा स्पीकर हँडसेटलाच आहे ना आणि त्याचा आवाज किती ते बघाच. स्वस्त सेटच्या स्पीकरमध्ये फार फरक असतो.

अबोली_१२

खूप खूप आभार. वर सरकवून धरायचं आजच सांगते आईला.

केतकी_प

अजून एक गोष्ट लिहून ठेवते, आमच्याकडे यावरून फार गोंधळ झाला होता. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाईलला लावताना आधी शून्य लावावं लागतं. फोनबुकमध्ये नंबर भरताना ते शून्यासकट भरा. आणि आलेल्या कॉलच्या यादीत मोबाईल नंबर कधी कधी दहाच आकडी दिसतो, तिथूनच परत लावला तर लागत नाही. सासूबाईंना वाटायचं मुलगा फोन उचलत नाही. १०८ आणि ११२ ला मात्र शून्य नको, हे दोन नंबर मी त्यांच्या फोनवर एका बटणावर ठेवलेत, १ दाबून धरलं की रुग्णवाहिका, २ दाबून धरलं की पोलीस. पण त्याआधी फोनच्या मागे मोठ्या अक्षरात घरचा पत्ता लिहून चिकटवला, घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता नीट सांगता येत नाही.

आगरवाट

केतकी, पत्त्याचं फारच चांगलं सुचवलंस. आमच्या घराला तर नंबरच नाही, खुणेनेच सांगावं लागतं, ग्रामदेवतेच्या देवळावरून उजवीकडे वगैरे. ते लिहून ठेवते.

शून्याचं पण तपासलं, बाबांनी भरलेले सगळे नंबर दहा आकडीच होते. आता सगळे बदललेत.

आता लाईटचं कोणीतरी नीट सांगा. घरात इन्व्हर्टर नाहीये, बाबा नको म्हणतात.

कऱ्हाकाठ

राउटरसाठी छोटे यूपीएस मिळतात, वहीएवढे, त्यावर फायबरचा डबा काही तास चालतो. मी पुण्यात वापरतोय. डब्याच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट किती अँपिअर ते बघून तेवढ्याचाच घ्या, बहुतेक डबे १२ व्होल्टचे असतात. पण कॉर्डलेसच्या बेसचा अडॅप्टर बघा, त्यावर ६ किंवा ७.५ व्होल्ट असं काहीतरी असतं आणि या छोट्या यूपीएसमध्ये तेवढ्याची पिन नसते. १२ ची पिन बसतेय म्हणून बेसला लावू नका, बेस जळेल.

जुना_लाईनमन

कऱ्हाकाठ बरोबर सांगतायत. आगरवाट, तुम्ही असं करा. फायबरचा डबा छोट्या यूपीएसवर टाका. तुमचा आधीचा वायरवाला फोन फेकला नसेल तर एकातून दोन होणारी टेलिफोनची पिन मिळते, ती लावून तो आणि कॉर्डलेस दोन्ही एकाच लाईनवर जोडा. साध्या फोनला वेगळी वीज लागत नाही, त्याला डब्यातून येते तेवढी पुरते. लाईट गेली की कॉर्डलेस बंद पडेल पण ओटीवरचा साधा फोन चालू राहील. आणि तुमच्या घंटीचा प्रश्न पण त्यातच सुटला, कारण तो फोन पण वाजेल, हँडसेट कुठेही पडलेला असो. दोन फोनांना डबा आरामात पुरतो, चार-पाच जोडायला जाऊ नका, घंटी बारीक होते. एकाच वेळी दोन्ही उचलले तर आवाज थोडा कमी येतो, तेवढं चालवून घ्यायचं.

मे-जूनमध्ये गडगडाट सुरू झाला की दोन्ही अडॅप्टर प्लगमधून काढून ठेवायला सांगा. काचेच्या तारेतून वीज येत नाही पण लाईटच्या तारेतून येते, आणि कोकणात पहिल्या पावसाच्या विजांनी किती डबे जातात ते फायबरवाल्याला विचारा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा.

आगरवाट

काका, जुना फोन माळ्यावर होता! बाबांनी काढून पुसून लावला पण. पिन चिपळूणला मिळाली. काल संध्याकाळी तासभर लाईट नव्हती तेव्हा मी मुद्दाम पुण्याहून फोन केला, बाबांनी ओटीवर बसून उचलला, डबा यूपीएसवर चालू होता. मला किती हायसं वाटलं सांगता येत नाही, कारण गेल्या पावसाळ्यात दोन-दोन दिवस काहीच कळायचं नाही.

फायबरवाला मुलगा पण येऊन गेला. कागद वाचून त्याने फोनवरून कोणाला तरी विचारून सेटिंग बदलली आणि आता नंबर दिसतो. आईने नंबर बघून मावशीचा फोन उचलला आणि थेट "बोल गं" म्हणाली.

सातारी_कंदी

वा वा! छान बातमी. एक विचारतो, समुद्राजवळची हवा खारट आणि दमट, स्टँडच्या पिनांना काही होत नाही का? आमच्या अलिबागच्या मित्राकडे फोन स्टँडवर असून बॅटरी रिकामी असायची.

आगरवाट

होतं ना, आमच्याकडे पण तेच झालं होतं, लिहायचं राहिलं. स्टँडमध्ये दोन पातळ पत्रे असतात आणि हँडसेटच्या खाली दोन चकत्या, त्यांच्यावर हिरवट थर धरला होता. अडॅप्टर काढून शाळेतल्या खोडरबराने घासलं आणि कोरड्या कापडाने पुसलं, लगेच चार्जिंग सुरू. पाणी किंवा तेल नाही लावायचं. ठेवल्यावर बारीक बीप येतो आणि बॅटरीचं चिन्ह हलायला लागतं, ते बघूनच हात काढायचा असं आईला शिकवलंय, कारण हा सेट वजनाला हलका असल्यामुळे कधी कधी तिरका बसतो. हा मला या सेटमधला खरा दोष वाटतो, स्टँडची खाच उथळ आहे. दुकानात ठेवून-उचलून बघितलं असतं तर कळणारी गोष्ट आहे.

अबोली_१२

मी पण काल आईला घेऊन जाऊन डेक्टचा घेतला, गुणगुण येत नाहीये. दुकानदार आधी खोकं उघडायला तयार नव्हता, आईने कानाचं यंत्र दाखवलं आणि बसूनच राहिली, मग त्याने लाईनला लावून दिला. एक प्रश्न, फोनवरून काहीबाही विकणाऱ्या कंपन्यांचे कॉल फार येतात लँडलाइनवर, त्याचं काय?

निशिगंध

लँडलाइनला पण डीएनडी (नको असलेले जाहिरातीचे कॉल अडवायची सोय) लावता येतं, त्याच लँडलाइनवरून १९०९ ला फोन करून नोंदवायचं. त्याने बँका आणि कर्जवाल्यांचे बरेच कमी होतात. तरी जे येतात त्यांच्यासाठी मेनूत कॉल ब्लॉक आहे का बघ, आमच्या सेटमध्ये ठरावीक नंबर अडवता येतात, पण त्यासाठी नंबर दिसायला हवा, म्हणजे परत लाईनमन काकांची एफएसकेची गोष्ट आधी.

कऱ्हाकाठ

आणि बेसचा पिन (नवा हँडसेट जोडताना लागणारा गुप्त आकडा) बदला सगळ्यांनी. कंपनीकडून बहुतेक ०००० येतो. सहसा कोणी येऊन आपल्या बेसला हँडसेट जोडणार नाही पण सोसायटीत भिंतीला भिंत लागून घरं असतात, बदलायला मिनिट लागतं.

जुना_लाईनमन

अबोलीताई, बिल जपून ठेवा आणि दुकानाचा शिक्का वॉरंटी कार्डावर घेतलाय ना ते बघा. या किमतीच्या फोनमध्ये सगळ्यात आधी जातो तो अडॅप्टर, आणि दुरुस्तीवाले शिक्का बघितल्याशिवाय हात लावत नाहीत. अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर एका कागदावर उतरवून ठेवा. जळाल्यावर त्यावरची अक्षरं वाचता येत नाहीत, मग दुकानदार देईल तो घ्यावा लागतो.